आईच्या खुर्चीपर्यंत खर्ज न पोचण्याबाबत

मागच्या भिंतीला टेकलेली एक शिडी. तिच्यावर कुणी चढत नाही, तिला कुणी हलवत नाही. एक वेल तेवढा निम्म्यापर्यंत चढून गेला आहे.

एक उशी. आत कापूस नाही.

कानाचे डॉक्टर, हात धुता धुता : "खालचे आवाज अजून शाबूत आहेत. पण तेही जातील. जे ऐकवायचं ते ऐकवून घ्या."

पारदर्शक दुहेरी वायर. एका तारेच्या अंगाने बारीक काळी रेघ.

फरशीवर एक गोल. आधी खडूचा, मग ऑइलपेंटचा.

"हे कोण बोलतंय? हे तुमचे बाबा नव्हेत."

*

जगातले सगळे बिघाड दोन प्रकारचे असतात : जे आपल्यामुळे झालेले नसतात ते, आणि जे दुसऱ्यामुळे झालेले असतात ते. तिसरा प्रकार शास्त्राला ज्ञात नाही. निदान आमच्या सासुरवाडीत तरी तो आजवर आढळलेला नाही.

घरगुती स्पीकरातून खर्ज का येत नाही, या विषयावर आमच्या सासुरवाडीने जे काम केलं आहे ते इतकं मोलाचं आहे की त्याची कुठेतरी नोंद व्हावी. म्हणून हा प्रपंच. मी त्या घरचा जावई. जावयाला मान असतो, मत नसतं. त्यामुळे या कामी निरीक्षक म्हणून माझी निवड एकमताने झाली. (एकमत म्हणजे दोन्ही मेहुण्यांनी मला वेगवेगळा फोन केला आणि दोघेही म्हणाले, "भावोजी, तुम्ही फक्त बघा, तो काय करतो ते.")

पार्श्वभूमी

माझे सासरे बसस्थानकावर घोषणा करायचे. आवाज असा की लाउडस्पीकर बंद पडलेला कुणाच्या लक्षातही येत नसे. घरात ते खाकरले की मांडणीतले पेले किणकिणायचे. कुजबुजले की दोन घरं सोडून उत्तर यायचं. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. मागे राहिलं ते घर, दोन मुलगे, एक मुलगी (ती माझ्याकडे असते) आणि एक कॅसेट. स्थानकावर नवा टेपरेकॉर्डर आला होता, तो नीट चालतो का हे बघायला सासऱ्यांनी एकदा घरी आणला. तेव्हा ते त्यात जे बोलले तेवढंच मागे उरलं. पुरतं एक मिनिटही नाही.

सासूबाईंना, म्हणजे मीही त्यांना आईच म्हणतो, अलीकडे ऐकू कमी येतं. बारीक आवाज आधी गेले : कुकरची शिट्टी, दारावरची घंटी, सुना. जाड आवाज अजून पोचतात. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, ते त्या ड्रॉवरमध्ये ठेवतात. त्यांचं म्हणणं, त्यातून फक्त पंखा ऐकू येतो, आणि पंख्याकडे सांगण्यासारखं काही नसतं.

डॉक्टरांकडून आल्यावर त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "मला ह्यांचा आवाज ऐकायचाय. एकदाच. मग गेले कान तर गेले."

कॅसेटमधला आवाज मी मोबाइलवर घेऊन ठेवला होता. तो लावून दिला. आईंनी मोबाइल कानाला लावला, काढला, उलटा करून बघितला.

"हे कोण बोलतंय?"

"बाबा, आई! बाबा!" माझी बायको ओरडली.

"हे तुमचे बाबा नव्हेत. हा कुणीतरी बारकुडा माणूस आहे. मला म्हातारीला फसवता का?"

मोठा माणूस छोट्या स्पीकरातून बाहेर काढला की त्याचा खर्ज आत अडकतो. दुकानात याला बेस नसणे म्हणतात. आई त्याला ह्यांचा आवाज नसणे म्हणतात. दोन्ही व्याख्या ग्राह्य आहेत.

उपाय

बाजारात तयार स्पीकर मिळतात, याची घरात सर्वांना कल्पना होती. पण विकतचा स्पीकर कुणाचाच नसतो. तो चांगला वाजला तर नाव कंपनीचं होतं. आईसाठी काही करायचं तर ते आपण केलंय हे दिसायला नको का? त्यामुळे दोन्ही मुलांनी जाहीर केलं की स्पीकर आपण स्वतः, आपल्या हातांनी बनवणार. दोघांनी ते वेगवेगळं जाहीर केलं. दोघांनी मिळून एकच बनवावा, असा प्रस्ताव आला नाही. आला असता तर तो मांडायचा कुणापुढे, हाही प्रश्नच होता.

कारण दोघे एकमेकांशी बोलत नाहीत.

थोरले पाणीपुरवठा कार्यालयात आहेत. उद्या पाणी का येणार नाही हे आज कळवण्याचं काम त्यांच्याकडे आहे, आणि ते इतक्या भरीव भाषेत कळवतात की वाचून तहान भागते. धाकट्याला घरात छोटू म्हणतात (वय पन्नाशीच्या पुढे, पोट त्याच्याही पुढे). त्याचं तसबिरींच्या चौकटींचं दुकान आहे. लाकडाचे कुठलेही दोन तुकडे दिले तर तो असे जोडतो की सांधा शोधून सापडत नाही.

न बोलण्याचं कारण शिडी. म्हणजे थोरल्यांच्या मते कारण शिडी हेच आहे : नेली आणि जागेवर आणून ठेवली नाही. छोटूच्या मते शिडी हे कारणच नव्हे. थोरले शिडीबद्दल जे बोलले ते कारण आहे. थोरले म्हणतात, आपण शिडीबद्दल अवाक्षर काढलं नाही, आपण शिडी नेणाऱ्याबद्दल बोललो. या मुद्द्यावर अभ्यास अजून चालू आहे. तो पुरा होईपर्यंत शिडी आहे तिथेच ठेवावी, असं ठरलं आहे.

घराची रचनाही अभ्यासण्यासारखी. डावीकडे थोरल्यांचा संसार, उजवीकडे छोटूचा, मधल्या खोलीत आई. मधल्या खोलीला दोन्हीकडे दारं. पूर्वी दोघांमधला सगळा व्यवहार आईंमार्फत व्हायचा.

"आई, त्याला सांग, पाण्याची मोटर बंद कर."

"आई, त्याला सांग, मोटर त्यानेच लावलीय."

आईंचे कान अधू झाल्यावर ही सेवा खंडित झाली. तेव्हापासून मोटर चालूच असते.

तर असं ठरलं : डावा स्पीकर थोरले करणार, उजवा छोटू. दोघांनी एकाच दुकानातून, एकाच मापाचं सामान, वेगवेगळ्या दिवशी आणलं. दुकानदाराने दोघांनाही आवाज खाली आणून सांगितलं, "तुमच्या भावाने नेलाय त्यापेक्षा हा पीस वरचा आहे." दोघेही समाधानाने घरी आले. एकाच वस्तूने दोन सख्ख्या भावांना एकमेकांहून वरचढ करणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

वायर मात्र निरीक्षकाने आणायची होती. मी एकच रीळ आणलं, बरोबर मध्यावर कापलं आणि दोघांना सारखं वाटून दिलं. वायर पारदर्शक, आतल्या दोन्ही तारा अगदी सारख्या, फक्त एका तारेच्या अंगाने ती काळी रेघ. ही रेघ कशाला, हे कुणी कुणाला विचारलं नाही. थोरल्यांनी एकट्याने विचार केला : कार्यालयात जिच्याखाली रेघ मारतात ती ओळ महत्त्वाची, तेव्हा रेघेची तार अधिकच्या टोकाला. छोटूनेही एकट्याने विचार केला : रेघ म्हणजे वजाबाकी, तेव्हा रेघेची तार उण्याच्या टोकाला. दोघांच्या विचारात खोट काढायला जागा नाही. मी काढून पाहिली.

खुर्ची कुठे ठेवावी

हा ध्वनिशास्त्राचा नव्हे, न्यायाचा प्रश्न होता. आईंची खुर्ची एका स्पीकरला जवळ आणि दुसऱ्याला लांब पडली तर पुढच्या पिढ्यांनी काय म्हणावं? मी मोजपट्टी घेतली. डाव्या पेटीपासून जितकं अंतर, तितकंच उजव्या पेटीपासून, सुताइतकाही फरक नाही. तिथे खडूने गोल काढला. दुसऱ्या दिवशी गोल जरा उजवीकडे सरकल्याची तक्रार आली, म्हणून तो ऑइलपेंटने पक्का केला. खुर्चीचे चारही पाय गोलाच्या आत. बसणाऱ्याने मान सरळ ठेवायची. कलायचं नाही. कलणं हा पक्षपात समजला जाईल, असं आईंना हातवारे करून समजावलं.

आणखी एक नियम, जो दोघांनी स्वतंत्रपणे घातला आणि ज्यात एका अक्षराचाही फरक नव्हता : दोन्ही वाजतील, नाहीतर एकही नाही.

पहिली चाचणी

सगळे जमले. थोरले आणि थोरल्या वहिनी डाव्या दारात, छोटू आणि त्याची बायको उजव्या दारात, माझी बायको भिंतीशी. अ‍ॅम्प्लिफायर सासऱ्यांच्या जुन्या टेबलावर; त्याच्याकडची टोकं मी दोन्ही वायरींची सारखीच जोडली होती, रेघेची तार अधिकला. मी बटण दाबलं.

आवाज आला. म्हणजे स, श, च, छ हे सगळे उत्तम आले. त्यांच्या मागे जो माणूस असायला हवा तो आला नाही. सासरे जणू तोंडावर रुमाल धरून, पत्र्याच्या डब्यात बसून, पलीकडच्या गल्लीतून बोलत होते.

आई मान ताठ ठेवून समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "लावलंत का?"

"लावलंय, आई!" दोन्ही दारांतून एकदम उत्तर गेलं. इतक्या वर्षांतलं हे दोघांचं पहिलं संयुक्त निवेदन.

"मग लावा की."

लगेच मतं घेण्यात आली. आई सोडून हजर असलेल्यांपैकी एक तृतीयांश लोकांच्या मते दोष डाव्यात होता, एक तृतीयांशांच्या मते उजव्यात (प्रत्येक गटात एक नवरा, एक बायको), आणि उरलेल्या एक तृतीयांशात माझी बायको म्हणाली, "मला यातलं काही कळत नाही, पण बाबा असे नव्हते." मी तटस्थ होतो. आईंचं मत विचारलं नाही. ऐकायचं फक्त त्यांनाच होतं; अशा व्यक्तीचं मत निःपक्षपाती कसं मानणार?

गंमत अशी की आपापल्या घरी, आपापला एकटा स्पीकर लावला की दोघांचाही खर्ज खणखणीत. थोरल्यांकडे भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं. छोटूकडे कपाटाचं दार आपोआप उघडलं. यावरून आपला स्पीकर निर्दोष आहे हे दोघांनाही पुराव्यानिशी कळलं. आणि आपला निर्दोष असेल तर, वर दिलेल्या वर्गीकरणानुसार, दोष कुठे असणार हेही कळलं.

"मग एकच लावा ना आईला," माझी बायको म्हणाली.

"कुणाचा?" थोरल्यांनी विचारलं.

तिने छोटूला फोन केला. "एकच लावूया का रे?"

"कुणाचा?" छोटूने विचारलं.

सुधारणा

थोरल्यांनी पेटीच्या सांध्यांतल्या फटी लांबीच्या लगद्याने बुजवल्या. छोटूने पेटीच मोठी केली. थोरल्यांनी मग त्याहून मोठी केली. छोटूने जाड फळ्यांची केली. अशा रीतीने दोन्ही पेट्या वाढत वाढत कपाटांएवढ्या झाल्या आणि खोलीत आईंची खाट मावेना. खाट बाहेरच्या बोळात हलवली. पेटीच्या आत कापूस भरला तर आवाज भरदार होतो, असं कळलं. आईंच्या उशीतला कापूस निम्मा-निम्मा वाटून घेतला. पडदे काढले, कारण पडदे आवाज पितात. मग पडदे लावले, कारण भिंती आवाज फेकतात. सासऱ्यांची तसबीर भिंतीवरून उतरवली, कारण खर्ज आल्यावर तिची काच वाजेल.

"माझी उशी कुठाय रे?" आईंनी विचारलं.

"बाबांसाठी घेतली, आई!" छोटू त्यांच्या कानाशी ओरडला.

"त्यांना आता कशाला उशी?"

या काळात डॉक्टरांकडेही एक फेरी झाली. त्यांनी कागदावरचा आलेख दाखवला. मागच्या वेळी त्यावरची रेघ डावीकडे, म्हणजे जाड आवाजांच्या बाजूला, चांगली वर होती. आता तीही उतरली होती. "ऐकवलंत का?" डॉक्टरांनी विचारलं. "काम प्रगतिपथावर आहे," थोरले म्हणाले. ही भाषा ऐकून डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. त्यांच्याकडेही पाणी याच कार्यालयाचं येतं.

शोध

त्याचं श्रेय माझ्या बायकोला जातं, पण त्यात हुशारीचा भाग नाही. ती फक्त चुकीच्या खुर्चीत बसली. पेट्यांवरची धुळकट कापडं तिने धुवायला काढली होती. दमून ती आईंच्या खुर्चीत, गोलात टेकली. आजवर त्या खुर्चीत आईंखेरीज कुणी बसलं नव्हतं. थोरले डाव्या पेटीपाशी उभे राहून ऐकायचे, छोटू उजव्या. तेवढ्यात मी अ‍ॅम्प्लिफायर सुरू केला. सुरू होताना तो धप्प असा आवाज करतो आणि स्पीकरचे पडदे एकदा हलतात.

"अहो, परत करा बरं."

मी परत केलं.

"दादाचा बाहेर येतो तेव्हा छोटूचा आत जातो." ती उठून उभी राहिली. "एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय! मध्ये आईपाशी काय उरणार? शून्य!"

"मग?"

"मग काय, एकाच्या तारा उलट्या जोडायच्या. कुणाच्याही."

"कुणाच्याही" हा शब्द त्या घरात याआधी वापरला गेल्याची माझ्या माहितीत नोंद नाही.

थोरल्यांना बोलावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ठीक. उलटी कुणाची आहे?"

"कुणाची म्हणजे? एकमेकांच्या उलट आहेत."

"ते कळलं गं. पण मुळात उलटी कुणाची?"

छोटूनेही हाच प्रश्न विचारला, फक्त "गं"च्या जागी "ताई" म्हणाला. इथे शास्त्र तोकडं पडतं. शास्त्र सांगतं की दोघांपैकी कुणीही उलटा नाही, दोघे मिळून उलटे आहेत. पण जो तारा बदलेल त्याने आपली चूक कबूल केल्यासारखं होईल, आणि न केलेली चूक कबूल करायला माणूस काय वेडा आहे? नाणं उडवावं असं मी सुचवलं. थोरले म्हणाले, "नाण्याला यातलं काय कळतं?" छोटू म्हणाला, "नाणं कुणाचं?"

"मीच बदलते मेलं कुठलंतरी," बायको म्हणाली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन उठली. तेव्हा दोन्ही बाजूंनी कळवण्यात आलं की ज्याची पेटी त्याचे स्क्रू, परक्याने हात लावायचा नाही.

"मग स्क्रू कवटाळून झोपा दोघं!"

तरीही या कोंडीतून मार्ग निघाला. एका दुपारी आई डाव्या दाराशी गेल्या आणि थोरल्या वहिनींना म्हणाल्या, "बरं झालं गं, मोटर बंद केलीत. किती दिवस घुमत होती डोक्यात." मग उजव्या दाराशी जाऊन छोटूच्या बायकोलाही तेच म्हणाल्या.

मोटर चालू होती.

दुसऱ्या दिवशी थोरले मधल्या सुट्टीत कार्यालयातून घरी आले. कुणी नाही असं बघून त्यांनी आपल्या पेटीचे स्क्रू काढले, तारा उलट्या जोडल्या, स्क्रू लावले. मला फोन करून म्हणाले, "भावोजी, मी माघार घेतली. आईपुढे काय आपलं मोठेपण! पण त्याला कळता कामा नये. शपथ आहे." संध्याकाळी छोटू दुकान लवकर बंद करून आला. त्याने आपल्या तारा उलट्या जोडल्या. मला फोन करून म्हणाला, "भावोजी, जाऊ दे, मीच लहान झालो. पण दादाला सांगायचं नाही हं. शपथ."

मी शब्दाला जागलो. दोन्ही शब्दांना.

दुसरी चाचणी

सगळे जमले. आई गोलात, मान सरळ. मी बटण दाबलं.

स, श, च, छ.

थोरल्यांनी उजव्या पेटीकडे बघितलं. छोटूने डाव्या पेटीकडे. मग दोघांनी, कित्येक वर्षांनी, एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं.

"सांग त्याला," थोरले बहिणीला म्हणाले, "मी माझी बदलली होती!"

"त्याला सांग, मीही माझी बदलली होती!"

"म्हणजे मी बदलली म्हणून त्याने मुद्दाम बदलली!"

"म्हणजे मी बदलली म्हणून यानेच मुद्दाम बदलली!"

बायको मधोमध कपाळाला हात लावून उभी होती. "अरे, दोघं एकाच वेळी चांगले वागू नका ना रे! एकाने वागा!"

या सूचनेचा दोघांनीही विचार केला, आणि चांगुलपणाची ही किंमत मिळत असेल तर नकोच तो, म्हणून दोघांनी तिथल्या तिथे, एकमेकांच्या देखत, आपापले स्क्रू काढून तारा होत्या तशा करून टाकल्या. आढावा घ्यायचा तर : तारा बदलण्याची जेवढी कामं हाती घेतली तेवढी सगळी पूर्ण झाली. यशाचं प्रमाण शंभर टक्के. परिणाम पूर्ववत.

त्यानंतर चर्चा सुरू झाली. शिडीही चर्चेला आली. अ‍ॅम्प्लिफायर बंद करायचं राहून गेलं होतं. कॅसेटवरचं तेवढंच बोलणं संपून पुन्हा सुरू होत होतं, डब्यातल्या माणसासारखं, आणि तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आई उठल्या.

त्यांनी गोल ओलांडला. हे नियमाला धरून नव्हतं, आणि निरीक्षक या नात्याने मी त्यांना थांबवायला हवं होतं. त्या टेबलापाशी गेल्या. दोन वायरी बघितल्या. एक हातात धरली आणि शिवून झाल्यावर दोरा तोडावा तशी झटक्यात ओढून काढली. मग खुर्ची ओढत ओढत, ऑइलपेंटवर ओरखडा उठवत, दुसऱ्या पेटीला लागून नेली, तिच्यात बसल्या, आणि पेटीच्या लाकडावर तळवा टेकवला.

"हॅलो. हॅलो. अगं, ऐकतेस का?" सासरे म्हणाले. मांडणीतले पेले किणकिणले. "स्वयंपाकघरात पोचतोय का आवाज?"

"पोचतोय हो," आई म्हणाल्या. "ओरडताय कशाला?"

बोलणं संपलं, पुन्हा सुरू झालं.

"अगं, ऐकतेस का? स्वयंपाकघरात पोचतोय का आवाज?"

"पोचतोय म्हटलं ना!" त्यांनी पदर तोंडाला लावला. तळवा पेटीवरून उचलला नाही.

बऱ्याच वेळाने एक भाऊ दुसऱ्याला म्हणाला, थेट म्हणाला, मध्ये कुणालाही न घालता, "तिला हाताशी जवळची पडली म्हणून तिने ती काढली."

"जवळची कशी? दोन्ही सारख्याच लांब होत्या."

"सारख्या नव्हत्या. खुर्चीपासून मोजून घे."

"मोजू. ये इकडे, धर."

आणि त्यांनी माझ्या खिशातून मोजपट्टी काढून घेतली. एकाने एक टोक धरलं, दुसऱ्याने दुसरं, आणि आईंच्या डोक्यावरून पट्टी ताणून दोघे मोजू लागले. आकडा दोघांना पटेना, म्हणून त्यांनी टोकं अदलाबदल करून पुन्हा मोजलं. अजून मोजताहेत. आता मला फोन येत नाहीत. माझ्यामार्फत भांडायची गरज उरलेली नाही.

आईंनी काढली ती वायर डावी की उजवी, हे इथे मुद्दाम दिलेलं नाही. त्यांना ऐकू आलं हे कळायला त्याची गरजही नाही. तरीपण एखादा वाचक चार ओळी मागे जाऊन चाळून आला असेल, थोरल्यांची की छोटूची, काही धागा लागतो का ते बघायला. आपण तसे गेला असाल तर आमच्या घरी आपलं स्वागत आहे. मोजपट्टीला तिसरं टोक नसतं, पण आपली काहीतरी सोय करू.

कॅसेटच्या शेवटी, सासऱ्यांचा प्रश्न संपल्यावर, दोन लहान मुलगे एकदम हसतात. तो आवाज बारीक आहे, आणि दोन्ही स्पीकरांतून तो पहिल्या चाचणीपासून स्वच्छ येत होता.